एका कर्जाच्या दोन किमती

१

डॉक्टर वेस्ली टोह यांनी दार वाजवलं ते अगदी हळू. हलीजानं उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा भरलेला कप होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"मॅडम, फेलिक्स गेले," ते म्हणाले. "चहा घेऊन मीच गेलो होतो त्यांच्या खोलीत. झोपेतच गेले. त्रास झाला नाही."

फेलिक्स चाइ गेले म्हणजे ज्यांच्या एका आकड्यासाठी ही सगळी मंडळी राजांग नदीच्या इतक्या वर, जंगलातल्या या प्लायवूडच्या कारखान्यात येऊन बसली होती, तो माणूसच गेला. कंपन्यांच्या डोक्यावरच्या कर्जाची वाजवी किंमत काढून देणं हा त्यांचा धंदा. वय सत्तरीला टेकलेलं, जोडीला जुना दमा. पण कुचिंगपासून सिबूपर्यंत कुठल्याही बँकेत त्यांनी आकडा सांगितला की पुढं कुणी घासाघीस करत नसे.

कारखाना तौके, म्हणजे शेठ, सिआ किंग हुई यांचा. त्यांच्या कंपनीवर तीस कोटी रिंगिटचं कर्ज होतं. मूळ बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि नव्या बँकेनं ते कर्ज सिबूच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाच्या गळ्यात मारलं. आता तौकेंना आपलंच कर्ज फंडाकडून स्वस्तात परत विकत घ्यायचं होतं. किंमत चाइ ठरवतील, ती पटली तर फंड विकेल, एवढं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं. फंडाच्या वतीनं हलीजा आली होती. मुकाहच्या मेलानाउ कोळी घरातली ही बाई गेली कित्येक वर्षं बुडीत कर्जांच्या मागे हिंडत होती, आणि या फंडात तिच्या आईचंही पेन्शन होतं.

ते सगळे दोन दिवसांसाठी आले आणि अडकले. सीमेपलीकडची कलिमंतानची जंगलं पेटली होती. धूर इतका दाट की व्हरांड्यातून समोरचा ओंडक्यांचा तलाव दिसेना. नदी आटून खडक वर आले, तेव्हा लाँच बंद झाल्या. धुरात हेलिकॉप्टर उतरणार नव्हतं. लाकडं वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना आग होती. मंगळवारपासून तर फोनचा मनोराही मुका झाला. सूर्य म्हणजे दिवसभर लटकणारा एक तांबडा ठिपका, आणि त्याखाली बंद खोल्यांत खोकत बसलेली माणसं.

चाइंची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथं पगाराची रोकड ठेवत, म्हणून खिडकीला लोखंडी गज आणि दाराला बाहेरून जाडजूड कडी. चाइ अंथरुणावर उताणे पडले होते. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. डोक्यावरची काचेच्या पट्ट्यांची खिडकी सताड उघडी होती आणि धूर संथपणे आत येत होता.

"गुदमरायला लागल्यावर यांनी उघडली असणार," डॉक्टर म्हणाले. "हवेसाठी."

हलीजाचं लक्ष खिडकीवर होतं. आल्या दिवशी याच माणसानं फटीफटीला तपकिरी चिकटपट्टी लावून, ओले टॉवेल कोंबून ती खिडकी बंद केली होती. तिनंच त्यांना स्टूल धरून दिलं होतं. ती पुढं झाली आणि खिडकीच्या एका काचेवरून तिनं बोट फिरवलं.

बोट काळं झालं. पण तिनं ते फिरवलं होतं काचेच्या आतल्या बाजूवरून.

२

आदल्या संध्याकाळचं जेवण तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

बांबूच्या नळीत शिजवलेली कोंबडी होती, भात होता. टेबलाभोवती पाच जण. तौके, त्यांच्या कंपनीचा हिशेब सांभाळणारी ग्लेडिस, डॉक्टर टोह, चाइ आणि हलीजा. डॉक्टर म्हणजे तौकेंच्या दिवंगत बायकोचे भाऊ. सिबू आणि मिरीला त्यांची दोन मोठी रुग्णालयं. दर काही महिन्यांनी ते कामगारांना फुकट तपासायला वर येत, आणि या खेपेला तेही इतरांसारखे सापडले. कारखान्याचा मॅनेजर बेलायोंग हा इबान जमातीचा गृहस्थ वाढायला उभा होता. स्वयंपाकी धुराला घाबरून आपल्या लाँगहाउसवर, सगळ्या गावाच्या एकाच लांबलचक घरात, निघून गेला होता.

चाइंनी दुपारीच आपला अहवाल सही करून ग्लेडिसच्या हाती दिला होता. शंभर सेनच्या रिंगिटमागे अडतीस सेन. हलीजाला तो आकडा कमी वाटला, आणि तिनं तसं बोलून दाखवलं.

चाइ हसले. दम्याचा पंप तोंडाशी नेऊन त्यांनी एक झुरका घेतला, तो खिशात ठेवला आणि सावकाश समजावून सांगू लागले. कर्जाची किंमत म्हणजे कागदावर लिहिलेला आकडा नव्हे. पुढच्या वर्षांत जे पैसे यायचे आहेत ते धरायचे आणि ते न येण्याची भीती त्यातून वजा करायची. कंपनी आजारी पडली की भीती वाढते आणि कर्ज स्वस्त होतं.

"म्हणजे मी जितका बुडेन तितकं माझं देणं कमी," तौके म्हणाले. "हे आधी सांगितलं असतं अंकल, तर लवकर बुडायला घेतलं असतं."

ग्लेडिस हसली. डॉक्टरही हसले. चाइ मात्र हलीजाकडेच बघत होते.

"अडतीस हा कंपनीच्या वहीतला आकडा," ते म्हणाले. "तो बरोबर आहे. पण तुमच्या हातात हेच कर्ज ऐंशीच्या आसपास जातं. तोही आकडा बरोबर आहे."

"एकाच कर्जाच्या दोन किमती कशा, अंकल?"

"सकाळी सांगतो. आधी एका माणसाच्या कानावर घालायला हवं. त्याला न सांगता बोललो तर बरं दिसणार नाही."

मग ते कोंबडीकडे वळले. टेबलावरचं बोलणं नदीच्या पाण्यावर गेलं. त्या माणसाला सकाळ मिळालीच नाही, हे आता हलीजाला टोचत होतं. ती बंद व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. बाहेर पडावं तर डोळे चुरचुरत, आत बसावं तर भिंती अंगावर येत. आणि ज्यानं कुणी हे केलं तोही याच भिंतींच्या आत होता, याच टेबलावर जेवणार होता.

तिनं आपल्या खोलीची खिडकी नीट पाहिली. मग ग्लेडिसची, मग जेवणघराची. सगळीकडे एकच प्रकार. काचेच्या बाहेरच्या बाजूला तीन आठवड्यांच्या राखेचा काळपट थर, आतली बाजू पुसल्यासारखी. चाइंच्या खिडकीत चार पट्ट्या तशाच होत्या. बाकीच्या तीन उलट्या होत्या. थर आत, स्वच्छ बाजू बाहेर.

नुसती खिडकी उघडली तर काच उलटी होत नाही. ती खाचेतून ओढून काढावी लागते आणि परत बसवताना चुकावं लागतं.

३

ग्लेडिसपाशी ती आधी गेली, कारण तिचा संशय आधी ग्लेडिसवर होता. अडतीसच्या आकड्यात कंपनीचा फायदा आणि कंपनीच्या फायद्यात ग्लेडिसची नोकरी.

ग्लेडिस रडून बसली होती. चाइ अंकल आपल्याला शिकवत असत, असं तिनं सांगितलं. अहवाल त्यांनी तिच्यासमोर सही केला होता, तिनं त्यात एक अक्षर बदललं नव्हतं. ऐंशीबद्दल तिलाही नवल वाटलं होतं. जुन्या कर्जाचे मूळ कागद तिनं कधी पाहिले नव्हते. ती कंपनीत आली तेव्हा ते मूळ बँकेकडे होते आणि ती बँकच उरली नाही.

"अंकल मात्र त्याच बँकेत होते," ती म्हणाली. "पूर्वी. सत्त्याण्णव साली रिंगिट कोसळला ना, तेव्हा कर्जखातं त्यांच्याकडे होतं. मला म्हणाले होते, हे कर्ज मी बारशापासून ओळखतो."

रात्रीचं काही आठवतं का, असं हलीजानं विचारलं. ग्लेडिसनं आठवून सांगितलं. अंकलना झोप येत नव्हती. डॉक्टरांनी व्हरांड्यातच त्यांना गोळी दिली आणि पाणी दिलं. ते दोघं थोडा वेळ हळू आवाजात बोलत होते. मग डॉक्टर त्यांना खोलीपर्यंत पोचवून आले. त्यापुढं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, कारण त्या टोकाच्या मागेच जनरेटरची शेड होती. तिथं कुणी बोंब मारली असती तरी कुणाला कळलं नसतं.

तौके आपल्या खोलीत पाय गरम पाण्यात घालून बसले होते. संधिवातानं त्यांची बोटं वळून गेली होती, चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरत. चाइंशी दुपारी त्यांचा खटका उडाला होता, हे साऱ्यांनी ऐकलं होतं. त्याबद्दल विचारल्यावर ते उसळले.

"मला म्हणतो, तौके, त्या वर्षी तुमच्यामागे कुणीतरी उभं होतं म्हणून बँकेनं पैसे दिले. मी म्हटलं, माझ्यामागे माझा बाप पण उभा नव्हता. साऱ्या बँकांनी नाही म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे बघून पैसे देणारा मॅनेजर निघाला होता. माझ्या तोंडाकडे बघून." मग ते जरा खाली आले. "मला वाटलं तो देवाबद्दल बोलतोय. चर्चला जाणारा माणूस, शेवटी शेवटी तसलंच बोलायचा."

"आता मागे कोण आहे तुमच्या?"

"कोण असणार? घर गहाण आहे, शेअर गहाण आहेत, बायकोचे दागिनेसुद्धा तिच्यामागोमाग गेले. कंपनी गेली की मी गेलो, मॅडम. वेगळं मोजायला काही उरलेलं नाही."

हलीजाला त्यांचं बोलणं खरं वाटलं, आणि म्हणूनच कोडं आणखी अवघड झालं.

बेलायोंग तिला कँटीनच्या मासळीच्या थंड खोलीबाहेर भेटला. चाइंना तिथंच ठेवलं होतं. दुसरी सोय नव्हती. तो लाँगहाउसवर राहायचा आणि पहाटे कामाला यायचा. त्याला विचारण्यासारखं फारसं नव्हतं, पण तोच आपणहून बोलला.

"मॅडम, अंकल झोपेत गेले असं डॉक्टर सांगतात. मग झोपेत माणूस मारामारी करतो का?"

"म्हणजे?"

"उचलताना हात माझ्या हातात होता. बोटांचे सांधे सोललेत त्यांचे. दोन्ही हातांचे. आणि त्यात लाकडाची कुसळं आहेत."

तिनं आत जाऊन पाहिलं. मग ती परत चाइंच्या खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, रंग ठिकठिकाणी उडाला होता आणि त्यावर तपकिरी डाग होते.

त्यांना जाग आली होती. खिडकी बंद करायला काच नव्हती. दाराला बाहेरून कडी होती. उशाशी असायचा तो पंप खोलीत कुठंच नव्हता, कुणीतरी उचलून नेला होता. आणि दाराच्या पलीकडे जनरेटर धडधडत होता.

हलीजा दाराला पाठ टेकून खाली बसली. 

४

डॉक्टरांना तिनं शेवटी गाठलं. ते दवाखान्याच्या खोलीत औषधांची कपाटं आवरत होते. साठीतला, नीटनेटका, मृदू आवाजाचा माणूस. सिबूमध्ये निम्म्या गावाचा जन्म त्यांच्या हातून झाला होता. हलीजाच्या आतेबहिणीची मुलंसुद्धा.

ती साधेपणानं बोलली. फंडाला कळवायचं आहे, मृत्यूचं कारण काय लिहू, असं तिनं विचारलं. दमा आणि धूर, ते म्हणाले. या वयात एवढं पुरतं. चाइंनी खिडकी उघडायला नको होती. पण गुदमरलेला माणूस आधी खिडकीकडेच जातो.

"तुम्ही त्यांना तपासलंत ना, डॉक्टर? सगळं?"

"अर्थात. ओठ, नखं निळी झाली होती. तेच लक्षण असतं."

"हातांना कुठं काही लागलेलं?"

"नाही. काहीच नाही." त्यांनी कपाट लावून घेतलं आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडम, तुमची झोप झालेली दिसत नाही. इथं अडकून प्रत्येकाचं डोकं फिरायला लागलंय. ही घ्या, जेवणानंतर एक गोळी. शांत झोप लागेल."

त्यांनी कागदाच्या पुडीत एक पांढरी गोळी तिच्या हातावर ठेवली. हलीजानं आभार मानले, मूठ मिटली आणि खोलीत येईपर्यंत ती उघडली नाही.

ज्या माणसानं नखं पाहिली, त्यानं नखांच्या वरचे सोललेले सांधे पाहिले नसतील हे शक्यच नव्हतं. त्यानं पाहिले आणि त्यावर चादर ओढली. पण का? निम्म्या गावाला जन्माला घालणाऱ्या माणसानं, मित्र म्हणवणाऱ्या माणसाला असं का मारावं? यात त्याचा एक सेनही नव्हता. कर्ज मेहुण्याचं, घेणं फंडाचं.

ती पलंगावर मांडी घालून बसली आणि तिला येत असलेली एकच गोष्ट तिनं केली. तिनं चाइंचे दोन्ही आकडे खरे धरले.

कंपनीच्या वहीत कर्ज मांडताना फक्त कंपनीचीच पत धरायची असते. कंपनी बुडायला आली आहे, तेव्हा अडतीस. तेच कर्ज फंडाच्या हातात ऐंशीला जातं, म्हणजे फंडाच्या हातात कर्जाबरोबर आणखी काहीतरी आहे. कंपनीचं नसलेलं काहीतरी. कंपनी बुडाली तरी जे बुडणार नाही असं.

कुणाची तरी हमी.

ती उठून उभी राहिली. तौके म्हणाले होते ते चाइंचं वाक्य देवाबद्दल नव्हतंच. सत्त्याण्णव साली खरोखरच कुणीतरी मागे उभं होतं. कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे, दुसरीकडून फंडाकडे गेलं, आणि हमी त्याच्यासोबत मुक्यानं चालत आली. फंडाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांपैकी कुणाला माहीतच नव्हतं. माहीत होतं फक्त कर्जखातं सांभाळणाऱ्या चाइंना. आणि हमी देणाऱ्याला.

दोन किमतींमधला फरक बेचाळीस सेन. तीस कोटींवर साडेबारा कोटींच्या घरात. एवढा फरक पाडणारा हमीदार चिल्लर नव्हता. आणि तो दूरही नव्हता. चाइंना सकाळच्या आत त्याच्या कानावर घालायचं होतं. मंगळवारपासून फोन बंद होता. मग तो माणूस टेबलावरच बसलेला होता.

तौके? त्यांची हमी म्हणजे बुडत्यानं बुडत्याला दिलेली. त्यानं किमतीत सेनचाही फरक पडत नाही. ग्लेडिस पगारदार, बेलायोंगही पगारदार. उरला एकच माणूस.

फंडानं कर्ज अडतीसला विकलं की कर्ज मिटलं. कर्ज मिटलं की हमी मिटली. दोन रुग्णालयं कायमची मोकळी. त्यासाठी चाइंची सकाळ उगवू द्यायची नव्हती, एवढंच.

आणि आता हे सगळं एकट्या हलीजाच्या डोक्यात होतं. काल ते एकट्या चाइंच्या डोक्यात होतं तसंच. तिच्या खोलीलाही बाहेरून कडी होतीच. रात्रीच्या जेवणाआधी तिनं आपली गादी उचलली आणि ग्लेडिसच्या खोलीत टाकली. मला भीती वाटते, एवढंच तिला सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला तिनं बेलायोंगलाही बसायला लावलं. खारवलेला मासा होता आणि भात. तांदूळ संपत आला होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. डॉक्टरांनी हात जोडून प्रार्थना केली. ती संपेपर्यंत हलीजा थांबली.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. आधी काचांचं सांगितलं, मग चिकटपट्टीचं. झोपेच्या गोळीनं गाढ झोपलेल्या माणसाच्या खोलीत शिरून, पट्टी सोलून, सगळ्या काचा खाचांतून काढून नेल्या. पंप उचलला. बाहेर येऊन कडी लावली. सकाळी सगळ्यांआधी चहाचा कप घेऊन कडी काढली आणि काचा परत बसवल्या. अंधुक उजेडात, घाईत, तीन उलट्या बसल्या.

"चाइ अंकल दारावर हात आपटत होते," ती म्हणाली. "किती वेळ, ते मला माहीत नाही. त्यांच्या हातांवर ते लिहिलंय. ज्यांनी ते हात तपासले त्यांनी मला सांगितलं, काही लागलेलं नाही."

ग्लेडिसनं घास ताटात ठेवला. तौके डॉक्टरांकडे पाहत होते आणि त्यांना अजून काही समजलं नव्हतं.

मग हलीजानं ऐंशीचा आकडा उलगडला. हमी या शब्दापाशी आली तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटले.

"हे बोलायच्या आधी तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "फेलिक्स आला होता."

"म्हणूनच नाही आले. त्यांना वाटलं सांगणं सभ्यपणाचं होईल. डॉक्टर, परवा हे एका माणसाला माहीत होतं. आता चौघांना माहीत आहे. सगळ्यांच्या खिडक्यांच्या काचा नाही काढता यायच्या."

बाहेर कुठंतरी करवतीचा आवाज थांबला. कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली असावी.

"वेस्ली," तौके म्हणाले, "ही काय बोलतेय?"

डॉक्टरांनी मेहुण्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाशी बोलल्यासारखे बोलले. त्यांच्या बहिणीनं, म्हणजे तौकेंच्या बायकोनं, त्या वर्षी रडून त्यांच्याकडून सही घेतली होती. बँक तौकेंना दारात उभं करत नव्हती. किंग हुईला कळता कामा नये, ही तिची अट. त्याला कळलं तर तो पैसे नाकारेल आणि मरेल, असं ती म्हणाली. सही केली तेव्हा एक लहानसं रुग्णालय होतं. पुढं वाढत गेलं. प्रत्येक नवी इमारत बांधताना, नवं यंत्र आणताना ते मनात म्हणत, हेही किंग हुईच्या कर्जाखाली चाललं. बहीण गेली आणि हे एकट्यानं वाहायचं राहिलं. अठरा वर्षं रोज सकाळी ते पेपरात आधी प्लायवूडचा भाव बघत आले होते.

"अडतीसला सौदा झाला असता तर मी सुटलो असतो," ते म्हणाले. "मी फेलिक्सला म्हटलं, एक दिवस गप्प राहा. फक्त एक दिवस. तो म्हणाला, शिक्षकांचे पैसे आहेत, वेस्ली, नाही राहता येणार. आणि मग माझ्याकडेच झोपेची गोळी मागितली."

 तौकेंनी दोन्ही हातांनी ताट बाजूला सारलं. मेलेल्या माणसाबद्दल ते विचारतील असं हलीजाला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते निराळंच.

"म्हणजे त्या मॅनेजरनं माझ्या तोंडाकडे बघून नाही दिले?"

डॉक्टरांनी 'नाही' म्हणून मान हलवली. तौके उठले, भिंतीला धरत धरत आपल्या खोलीत गेले आणि दोन दिवस जेवायला बाहेर आले नाहीत.

६

गुन्हा उलगडला म्हणून धूर हटला नाही. हलीजानं हे आधी ध्यानात घेतलं नव्हतं. खुनी सापडला की पोलीस येतात, त्याला नेतात, दार बंद होतं. इथं पोलीस नव्हते, नदीत पाणी नव्हतं आणि दाराबाहेर आकाशही नव्हतं. ज्याला पकडलं तो आणि ज्यांनी पकडलं ते, सगळे एकाच छपराखाली होते आणि तांदूळही एकाच पोत्यातून घेत होते.

बेलायोंगनं डॉक्टरांना त्यांच्या खोलीत बंद केलं. ते निमूट गेले. पण दुसऱ्याच सकाळी लाँगहाउसवरून बायका आल्या. पाठीशी मुलं बांधलेली, मुलांच्या छात्या भात्यासारख्या चालत असलेल्या. एकीचं बाळ निळसर पडलं होतं. या टापूत दुसरा डॉक्टर नव्हता. बायका हलीजाकडे बघत राहिल्या आणि हलीजा बेलायोंगकडे.

"माझा नातू पण आहे त्यात, मॅडम," तो म्हणाला.

तिनंच जाऊन कडी काढली.

तेव्हापासून तसंच चाललं. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर दवाखान्यात बसत, रात्री त्यांच्या दाराला पुन्हा कडी लागे. बेलायोंग मांडीवर कोयता ठेवून दारात बसे. प्रत्येक औषध देण्याआधी डॉक्टर बाटली त्याला दाखवत, ग्लेडिस नाव वाचून बघे, आणि मगच ते मुलाच्या तोंडात जाई. निळसर पडलेलं बाळ वाचलं. त्याच्या आईनं डॉक्टरांचे हात धरून कपाळाला लावले. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी हलीजा अहवाल लिहायला बसे. चाइंचा अडतीस तिनं तसाच ठेवला. त्याखाली तिनं फंडाच्या बाजूची किंमत मांडायला घेतली. हमीचा दस्त कुचिंगच्या नोंदणी कार्यालयात मिळेल याची तिला खात्री होती. चाइंसारख्या माणसानं तो नोंदवल्याशिवाय पैसे सोडले नसते. फंडानं आता कर्ज विकायचं नव्हतं. थांबायचं होतं, आणि वेळ आली की हमीदाराच्या मालमत्तेवर हक्क सांगायचा होता. आईचं पेन्शन वाचणार होतं. त्यासाठी दोन चालती रुग्णालयं बहुधा विकली जाणार होती. हे दुसरं वाक्य तिनं अहवालात लिहिलं नाही, पण मनातून ते खोडताही आलं नाही.

एकदा डॉक्टरांनी दारातून विचारलं, "आता माझी हमी काय भावानं धरलीत, मॅडम? खुन्याची सही कमी भरत असेल ना?"

"जमीन, इमारती आणि यंत्रं धरली," ती म्हणाली. "सही तुमच्या स्वभावावर उभी नाही. नावाची किंमत मी धरलेलीच नाही."

 "फेलिक्सनंही तसंच केलं असतं," ते म्हणाले आणि निघून गेले.

आणखी काही दिवसांनी हलीजाला ताप भरला. आधी तिनं दुर्लक्ष केलं. मग खोकला छातीत उतरला आणि जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. ग्लेडिस म्हणाली, मॅडम, दाखवून घ्या. हलीजा नाही म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी श्वास आत जाईना तेव्हा ती स्वतःच उठली, भिंतीला धरत दवाखान्यापर्यंत गेली आणि बायकांच्या रांगेत शेवटी बसली.

तिची पाळी आली. बेलायोंग दारातून आत येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि स्टेथोस्कोप तळहातावर घासून कोमट केला. ती त्यांची जुनी सवय असावी. तो तिच्या पाठीवर टेकला तेव्हा तिचं सगळं अंग आक्रसलं. खोलीला एकच दार होतं आणि बाहेर हवा नव्हती.

"खोल श्वास घ्या," ते म्हणाले.

हलीजानं डोळे मिटले आणि श्वास घेतला.